चंदनाचा मान

जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
३ फेब्रुवारी २०२५

ती. दशरथदादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय. यंदा पीरबाबांच्या उरुसाला माझी वाट बघू नकोस. चंदन उगाळायचा मान आपल्या घरच्या लेकीचा, ते ठाऊक आहे. पण यांना लकवा होऊन दीड वर्ष झालं, दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. कुणाच्या भरवशावर सोडू? आणि खरं सांगू, बाबांवर रागही आहे. आधी नोकरीसाठी, मग घरासाठी, मग यांच्यासाठी, दरवर्षी उगाळता उगाळता मागत आले. आता मागायचाही कंटाळा आलाय.

माझ्यावर रागावू नकोस, एवढा लोभ ठेव.
तुझी,
वैजयंता

गावाहून
१० फेब्रुवारी

चि. वैजयंतास,
अ. उ. आ.

तुझं पत्र दर्ग्याच्या मुजावरचाचांना वाचून दाखवलं. चिडतील असं वाटलं होतं, पण ते हसले. म्हणाले, उगाळताना काही मागायचं नसतं, हे या पोरीला कुणी सांगितलंच नाही का? आईनं जाताना हे तुला सांगायला मला बजावलं होतं बघ. मीच विसरलो.

आता मुकाट्यानं ऐक. सोळा तारखेला मी येतोय. ईश्वररावांना मी सांभाळतो, तू गावाकडं जा. आजारी बैल उठवलेत मी, तुझा नवरा काय जड आहे! हे त्यांना वाचून दाखवू नकोस. संदलाच्या मिरवणुकीत उगाळलेल्या चंदनाचं ताट डोक्यावर न्यायचा माझा मान यंदा चुलतभाऊ बबनला दिलाय. चाळीस वर्षं नेलं, पुरे झालं.

जीव जपून राहा.
तुझा,
दादा

गावाहून
२० फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बबन आज भाईंदरकडं निघालाय, त्याच्या हाती हे देतेय.

काल सहाणेपुढं बसले. काही मागायचं नाही, असं मनाशी घोकत होते. थोडं उगाळलं असेल नसेल, तिथंच भिंतीला टेकून झोपले. जाग आली तर ऊन उतरलेलं, अंगावर कुणीतरी चादर घातलेली, आणि माझ्या जागी चाचांची सून उगाळतेय. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. बबननं तोंड वाकडं केलं. चाचा म्हणाले, संदल उशिरा निघाला तर बाबांचं काही अडत नाही, तिची हजेरी लागली. कुणी उठवायचं नाही, असं त्यांनीच सगळ्यांना सांगितलं होतं म्हणे.

आज सकाळी आयती भाकरी ताटात आली आणि मला रडू आलं. हे जेवतात ना नीट? माझं विचारतात का? दादा, विचारायला लाज वाटतेय, पण अजून दोन दिवस राहू का?

नाही म्हणालास तरी लोभ राहू दे.
तुझी,
वैजयंता