बाबांच्या रायफलचा दस्ता

थून, मंगळवार

प्रिय उर्सिनाताई,

माझा खोकला कमी आहे, काळजी करू नकोस. आईला अजिबातच दिसेनासं झालंय का गं?

मी अविचारानं विकलेली बाबांची नेमबाजीची लष्करी रायफल इथल्या एका म्हाताऱ्या संग्राहकाकडे सापडली. नळीवर, बोल्टवर त्यांचाच नंबर आहे. नेम धरायची चकतीही मूळचीच. खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता मात्र कोराकरकरीत.

"जुना तडकलेला होता, चुलीत घातला," म्हातारा सहज म्हणाला.

सैनिक दस्त्याच्या तळपट्टीखाली आपल्या नावाची चिठ्ठी ठेवतात, तशी बाबांची चिठ्ठी त्या जुन्या दस्त्यातच होती. तरी मी रायफल परत विकत घेतली.

नेम धरताना बाबांच्या गालानं पडलेला, आई ज्यावरून हात फिरवायची तो खळगा मी नव्या लाकडात कोरू शकतो. पण ताई, आईचा हात फसेल का?

घरी यायला धजत नसलेला,
गियान