हलक्या हाताने साठ कार्डं

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.१५
लेकीचं लग्न ठरलं. तिने आईला फोन करून सांगितलं, मला नाही. हरकत नाही. छोटा हॉल, साठ माणसं, १४ मार्च. त्या साठांत मी आहे की नाही, हे अजून ठरायचंय म्हणे. तीन वर्षांपूर्वी स्टीलचं ताट माझ्या हातून निसटून तिच्या डोक्यावरून भिंतीवर गेलं होतं, तेव्हापासून ती घरी आलेली नाही. ताट आहे, निसटतं. भिंतीचा पोपडा उडाला, तो मीच लिंपला. त्याचं कौतुक शून्य.

निश्चय: लग्नाची साठही कार्डं मी स्वतः ठसे मारून करणार. पार्सल ऑफिसात एकतीस वर्षं काढली आहेत, दिवसाला आठशे ठसे. या विषयात मला कोणी शिकवू नये.

संध्याकाळी ६.००
बायकोने लेकीला विचारलं. ती म्हणाली, करू देत. बावीस तारखेला कार्डं न्यायला येते, घरात काय परिस्थिती आहे ते बघते, मग बाबांचं ठरवते. हा निरोप देताना बायकोने ‘शांतपणे’ हा शब्द चार वेळा वापरला. मी शांतच होतो. दाराला लाथ त्याआधी बसली होती.

४ फेब्रुवारी, बुधवार
हस्तकलेच्या दुकानात गेलो. दुकानवाल्या बाई म्हणाल्या, नवशिक्याला पाच वस्तू पुरतात. पारदर्शक रबरी ठसे, ते चिकटवायला ॲक्रिलिकचा ठोकळा, शाईचं पॅड, जाड कागद आणि घडी घालायची पट्टी. बाकी सगळी हौस. मी विचारलं, हातोडा कोणता घ्यावा? बाई हसल्या. मी हसलो नाही. मग म्हणाल्या, ठसा ठेवायचा, बोटांनी अलगद दाबायचा, सरळ वर उचलायचा.

अलगद! मला! काउंटरवर एकच ठसा मारून दाखवला. मण्यांच्या तीन बरण्या खाली आल्या. बाईंनी पाचही वस्तू भराभर बांधल्या आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं. असं अगत्य हल्ली कुठे दिसत नाही.

अत्यावश्यक साहित्य, सुधारित यादी: बाईंच्या पाच वस्तू. शिवाय रबरी हातोडा, लोखंडी पत्रा, शिकंजा, लांब पात्याचा कटर, हीट गन. नवशिक्या कोण ते कळेलच.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
शुभारंभ. वेलीचा ठसा ठोकळ्यावर चिकटवला, शाई लावली, खांद्यापासून हात आणला. ठोकळा फुटला. एक तुकडा उडून बायकोच्या कपाळाला लागला. टाके नाहीत, नुसती पट्टी. हल्ली मालच ठिसूळ येतो.

खालच्या मजल्यावरचे प्रोफेसर वर आले. भिंत पाडताय का, असं विचारलं. मी समजावून सांगितलं. समजावताना त्यांच्या शर्टाचं बटण माझ्या हातात कसं आलं, ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. बटण लगेच परत केलं.

९ फेब्रुवारी, सोमवार
नवा ठोकळा, जाड. आज हातोड्याने. वेल कमी, चिखल जास्त. जांभळी शाई भिंतीवर, छताला, पंख्यावर. पंखा लावल्यावर सगळीकडे. अकरा कागद बाद. बायको म्हणाली, जरा हलक्या हाताने घ्या ना. मी ओरडत नाहीये, हे तिला इतक्या मोठ्याने सांगावं लागलं की घसा बसला.

निश्चय: उद्यापासून काम सुरू करण्याआधी दहा अंक मोजणार.

१० फेब्रुवारी, मंगळवार
मोजले. सहाला ठसा सरकला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
हीट गनचा दिवस. ओल्या शाईवर पावडर टाकायची, वरून गरम हवा मारायची, म्हणजे अक्षरं फुगून वर येतात. माझी आली नाहीत. गन आणखी जवळ नेली. कागद पेटला, मग पडदा. पडद्याला आधी हाताने मारलं, मग चपलेने, मग गननेच. पडदा गेला, गन गेली, भुवई अर्धी गेली. आग मात्र मी विझवली. त्याबद्दल घरात कोणी एक शब्द बोललेलं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ३.००
कटर घसरला. अंगठा. रक्त बरंच. रागावलो नाही.

३.२०
टेबलाने आगळीक केली. टेबल आता नाही.

४.००
बायको शेजारच्या खोलीत कडी लावून बसली आहे. टेबल तिचं नव्हतं, माझंच होतं. तिने एवढं मनाला लावून घ्यायचं कारण नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार
शिल्लक: कागद बहात्तर, ठोकळा एक, ठसे दोन. चांगली कार्डं शून्य. दिवस सहा. अंगठ्याला तीन टाके पडले, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. तरी एका हाताने पाच कार्डं मारलीच. जरा पसरली आहेत. स्वयंपाकघरात वाळत ठेवली.

१८ फेब्रुवारी, बुधवार
चमत्कार! दुपारची झोप काढून उठलो आणि बघतो तर ओट्यावर चौदा कार्डं, एकाहून एक स्वच्छ. वेलीचं पानन् पान सुटं. बराच विचार केला. उत्तर सोपं आहे: जोरात मारलेली शाई कागदात खोल जाते आणि मुरली की रेषा आपोआप सुधारते. पाचाची चौदा कशी झाली, याचा मात्र हिशोब लागत नाही. मोजताना चुकलो असेन.

बायकोची बोटं जांभळी झालीयत. माझी कार्डं सारखी हाताळते, दुसरं काय.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
साठ पूर्ण! तीही दोन दिवस आधी. मी रोज दोन-चार ठसे मारायचे, झोपायचं, आणि शाईने मुरायचं, अशी पद्धत बसली आहे. दुकानवाल्या बाईंना शिकवायला हवी. एक नमुना दाखवायला प्रोफेसरांकडे गेलो. आत दिवा होता, पण दार उघडलं नाही. हाताने वाजवलं, मग पायाने. बहुतेक आंघोळीला गेले असावेत.

बायकोला म्हटलं, बघ, स्वभाव बदलतो माणसाचा. ती हो म्हणाली. ती हल्ली सगळ्यालाच हो म्हणते.

२२ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १.३०
लेक आली होती. तीन वर्षांनी. वाळली आहे. दारातच आईच्या कपाळावरची खूण बघून थांबली. बायको म्हणाली, कपाटाचं दार लागलं. मी दुरुस्ती केली नाही.

मग कार्डं पाहिली. वेलीवरून बोट फिरवत राहिली. विचारलं, बाबा, खरंच तुम्ही केलीत? इतकी नाजूक? मी म्हटलं, मग काय! बायको खिडकीबाहेर बघत होती. लेकीचे डोळे भरून आले. म्हणाली, मग तुम्हीही या लग्नाला. या नक्की. मलाही चष्मा काढून पुसावा लागला, ते लिहायला हरकत नाही. इथे कोण वाचतंय.

मग म्हणाली, एक माझ्यासमोर करून द्या, मला जपून ठेवायला.

टेबल नसल्यामुळे जमिनीवर पाट घेतला. ती समोर मांडी घालून बसली. बायको चहाचे कप घेऊन आली. मनाशी ठरवलं होतं, हे एक कार्ड बाई म्हणाल्या तसं करायचं. ठशाला शाई लावली, कागदावर अलगद टेकवला. मान खाली असल्यामुळे चष्मा नाकावरून घसरला. तो वर करायला हात उचलला.

लेकीने दोन्ही हातांनी डोकं झाकलं. कप खाली टाकून बायको आमच्या मध्ये येऊन उभी राहिली. कोणी किंचाळलं नाही, कोणी कोणाकडे बघितलं नाही. दोघींना आपापली जागा माहीत होती.

मी चष्मा सारखा केला. बोटांनी ठोकळा दाबला, सरळ उचलला. उत्तम उमटला. अगदी टोकाच्या पानापर्यंत. म्हटलं, बघ तर खरं. तिने बघितलं नाही. साठ कार्डं पिशवीत भरत होती. एकसष्टावं पाटावरच राहिलं. लग्नाला कधी पोचू, असं विचारलं, तर म्हणाली, आईला कळवते. मघाशी या म्हणाली होतीस, असं मी म्हटलं नाही. बायको तिला सोडायला स्टॉपवर गेली.

संध्याकाळी ५.४५
बायको अजून आली नाही. फरशीवरचा चहा पुसला, कपाचे तुकडे गोळा केले.

आरशासमोर उभा राहून चष्म्यापर्यंत हात नेऊन पाहिला. चार वेळा. कितीही सावकाश नेला तरी मारायला उचलल्यासारखाच दिसतो.