पुढच्या चाकांचं काम

देवपूर, धुळे
ता. १६ सप्टेंबर १९७०

ती. गिरधरभाऊस, कुंदाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. आबांनी जुनी फियाट घेतल्याचं आईच्या पत्रातून कळलं. तुला मात्र एक ओळ खरडावीशी वाटली नाही. मला बाळंतपणासाठी न्यायला माहेरची मोटार येणार, हे सासूबाईंनी अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, मागच्या वेळी पाचव्या महिन्यात जे झालं ते लक्षात ठेवा, हादरे बसता कामा नयेत. म्हणून एसटी नको, म्हणून मोटार. इथवर सगळं छान.

पण परवा रतिलालमामा आले होते. त्यांनी सांगितलं की गाडी वळणावर कटकट वाजते, पुढचं एक टायर आतल्या कडेनं पार गुळगुळीत झालं आहे, आणि तू ते सगळं घरीच, अंगणात खोलणार आहेस. भाऊ, तू भुसावळच्या लोको शेडात फिटर आहेस हे मला ठाऊक आहे. पण इंजिन रुळावरून जातं, त्याला वळवावं लागत नाही. मोटारीला वळवावं लागतं, आणि आत मी बसणार आहे. एकटी नाही, हेही तुला ठाऊक आहे.

काय करणार आहेस ते सविस्तर लिही. मला कळणार नाही असं समजू नकोस. मला कळलं नाही की जास्त भीती वाटते. आईला नमस्कार, वहिनीला आठवण.

तुझी,
कुंदा

जळगाव
ता. २१ सप्टेंबर १९७०

चि. सौ. कुंदास, गिरधरचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावलं. मामांना गाडीतलं हॉर्नखेरीज काही कळत नाही. तरी विचारलंस म्हणून सांगतो.

पुढची चाकं ज्या लोखंडी हातांवर तोललेली असतात, त्यांच्या सांध्यांत रबरी बुश असतात. ते झिजून भुगा झालेत, म्हणून कटकट. चाक ज्या पिनेवर वळतं ती पिनही खाल्ली गेली आहे. दोन्हीकडचं सगळं नवं घालायचं आहे. सामान मुंबईहून आलं आहे. जोखमीचं काम एकच, दाबलेली स्प्रिंग काढायचं. ती सुटली तर माणसाला सोडत नाही. मी ती वायररोपनं बांधून, खाली जॅक देऊन हळूहळू सैल करणार आहे. गाडीखाली आपल्या शेडातले जुने लाकडी स्लीपर रचतो आहे. तेव्हा माझी काळजी नको.

खरी अडचण आबांची. त्यांच्या मते हे काम गॅरेजात द्यायचं. चार लोकांदेखत म्हणाले की गिरधरनं घरी मोटार उघडली म्हणजे ती परत मिटायची नाही. मी हट्टानं काम अंगावर घेतलंय. वर त्यांनी पितृपंधरवड्यात सुताएवढंही खोलायचं नाही असं बजावलंय. म्हणजे घटस्थापनेला सुरुवात, आणि दसऱ्याच्या आत संपायला हवं. मध्ये माझ्या पाळ्या आहेतच. वेळ फार थोडा आहे. पण होईल.

डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळ्या घेत जा. जावईबापूंना नमस्कार.

गिरधर

देवपूर
घटस्थापनेचा दुसरा दिवस

ती. भाऊस, सा. नमस्कार.

तुझ्या पत्रानं भीती गेली नाही, फक्त तिला नावं मिळाली. आता मला स्वप्नातसुद्धा स्प्रिंग दिसते. ह्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले की तुझा भाऊ फिटर आहे, तू कशाला बुश चघळतेस. मास्तर माणूस, त्यांना काय सांगायचं?

आज पोटात हालचाल थोडी कमी वाटली. संध्याकाळी गूळ खाऊन पडून राहिले तेव्हा बाळानं दोनदा लाथ मारली, मग जिवात जीव आला. मला इथे करमत नाही, भाऊ. आईजवळ यायचं आहे. आणि यायचं म्हटलं की त्या चाकांची धास्ती. काम कुठवर आलं ते खरं खरं कळव. आबांना सांगायचं नसेल तर नको सांगूस, मला सांग.

कुंदा

जळगाव
आश्विन शुद्ध अष्टमी, सकाळ

चि. सौ. कुंदास आशीर्वाद.

काम झालं. म्हणजे, झाल्यातच जमा. स्प्रिंगा सुखरूप बसल्या, पिना नव्या, बुश नवे. काल अंधार पडताना चाकं चढवली आणि जॅक काढला. आता एकच राहिलं आहे. ह्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी स्वतःच्या वजनानं चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळायचे असतात. अधांतरी आवळले तर रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं. म्हणून नट नुसते बोटांनी लावलेत, नट निसटू नयेत म्हणून घालायच्या बारीक पिनाही घातलेल्या नाहीत. आज सकाळी आवळणार होतो.

उठून बघतो तर आबांनी माझे सगळे पाने, हातोडी, जॅक राखेनं घासून, तेल लावून पाटावर मांडलेले. उद्या खंडेनवमी. मी म्हटलं, एक पाना द्या, घटकाभराचं काम आहे. म्हणाले की पाटावर गेलेलं हत्यार दसऱ्याची पूजा होऊन सोनं वाटल्याशिवाय उठत नाही, आणि तू तर काम झालं म्हणाला होतास. रात्री त्यांनी विचारलं होतं, झालं का म्हणून. मी झालं म्हणालो होतो. आता राहिलंय म्हटलं असतं तर पुन्हा ते गॅरेजपुराण सुरू झालं असतं. गप्प बसलो.

मला आज दुपारपासून भुसावळला पाळी आहे, ती थेट दसऱ्याची रात्र धरून. एकादशीला घरी येतो, बोल्ट आवळतो, गाडी फिरवून बघतो आणि द्वादशीला तुला घ्यायला मी स्वतः येतो. तोवर गाडी अंगणात उभी आहे, तिला कोण हात लावतं! हे पत्र स्टेशनवर टाकतो, म्हणजे उद्या तुला मिळेल. आबांना कळवू नकोस.

गिरधर

भुसावळ, लोको शेड
दसरा, दुपार

कुंदे,

मायना लिहायला हात चालत नाही. आत्ताच्या गाडीनं आपल्या गल्लीतला पुना आला. तो सांगतो की आबांनी सकाळी मोटारीला झेंडूचे हार घातले, झुलाल ड्रायव्हरला बोलावलं आणि मुहूर्त चांगला आहे म्हणून लेकीला आणायला धुळ्याला निघाले. पुना हसत सांगत होता. मी त्याला काय म्हणालो ते मला आठवत नाही.

बदली माणूस उद्या सकाळी येणार, तोवर मला हलता येत नाही. तार केली आहे, पण सणाच्या दिवशी ती कधी पोचेल कोण जाणे. आमचा छगन गार्ड चाळीसगावहून धुळ्याला जातो आहे, त्याच्या हाती ही चिठ्ठी देतो.

गाडीत बसू नकोस. आबांना बसू देऊ नकोस. मला वाटेल ते बोला म्हणावं, पण परत बसू नका. ते तिथवर पोचले असतील का, एरंडोलच्या पुढचं ते वळण... आईला मी काय सांगू? ती ओवाळायला भाकरतुकडा घेऊन दारात बसली असेल.

एका पान्याचं काम होतं, कुंदे.

गिरधर

देवपूर
दसरा, दिवेलागण

ती. गिरधरभाऊस, कुंदाचा नमस्कार.

आधी हे वाच. आम्ही सगळे सुखरूप आहोत. आबा सुखरूप आहेत. छगनभाऊ चहा घेताहेत, रात्रीच्या गाडीनं परत जाऊन हे पत्र पहाटे तुला देतील.

दुपारी हॉर्न वाजला आणि गल्ली गोळा झाली. दारात झेंडूनं मढलेली गाडी, फेटा बांधलेले आबा. मी तुझं पत्र काल वाचलं होतं. तरी पहिल्या क्षणी मला वाटलं, तू लवकर येऊन आवळलं असशील. म्हणून आबांना सहज विचारलं की भाऊ कुठे आहे. ते म्हणाले भुसावळला. हत्यारं उठली का म्हटलं, तर म्हणाले की अजून पाटावर फुलांखाली आहेत, घरी गेल्यावर सोनं वाटून उठवू.

तुला माहीत आहे, लेकीला मूल होईपर्यंत आबा तिच्या घरचं पाणी घेत नाहीत. ओट्याच्या कडेला उभे, जळगावपासून तोंड कोरडं, आणि घाई एकच की उजेडात परत पोचू, बस. मी म्हणाले, मी बसणार नाही. सासूबाई, शेजारच्या बायका, सगळ्यांदेखत. आबांचा चेहरा उतरला. म्हणाले की माहेरची जुनी गाडी लेकीला कमी वाटते होय. मला रडू फुटलं. नाही बसायचं तर नको, असं म्हणून ते एकटेच परत निघाले, झुलालनं चावीसुद्धा फिरवली. तेव्हा मी दार धरून ठेवलं आणि सांगून टाकलं, की तुमच्या मुलानं बोल्ट आवळलेले नाहीत. आबांना कळवू नकोस हा तुझा शब्द मी मोडला, भाऊ. पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडीन.

आबांना पटेना. पण झुलाल म्हणाला की पारोळ्यापासून गाडी डावीकडे ओढतेय, मी हळूच आणली. तो खाली शिरला. बाहेर आला तेव्हा तोंडावर रंग नव्हता. बठ्ठं ढिलं शे आबा, एवढंच म्हणाला. एका बाजूचे नट बोटानं फिरत होते. दुसऱ्या बाजूला एक नट नव्हताच, बोल्ट अर्धा बाहेर आला होता.

आबा स्वतः वाकले, फेटा धुळीला टेकला. त्यांनी तो बोल्ट पाहिला आणि तिथेच ओट्यावर बसले. मी तुला चार शिव्या पडणार म्हणून वाट पाहत होते. पण ते म्हणाले, मी विचारलंच असं, की पोराला हो म्हणण्यावाचून वाट नव्हती.

तू सकाळी सुटलास की आधी घरी जा. पाटावरून पाने उचल, आईला सांग की आबांनी सांगितलंय. नवा नट आणि त्या बारीक पिना घे आणि पहिल्या गाडीनं इकडे ये. तुझ्यावर मी रागावले आहे, तो राग तुला बघितल्यावर काढीन. लोभ आहे म्हणूनच एवढा राग आहे, तो असाच असू दे.

आबा आज इथेच राहताहेत. ओट्यावर बसले असताना त्यांनी माझ्याकडे बघून हात पुढे केला आणि पाणी मागितलं. मी तांब्या आणला. माझ्या हातून ते गटागटा प्याले, आणि आणखी मागितलं.

तुझी,
कुंदा