भुशाच्या फळ्या

कामेन दोल,
१९ नोव्हेंबर

प्रिय लुबेन,

आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा खोकला गेला, गुडघे आहेत तसेच. कोबी पिंपात घालून झाला. तुझ्याकडे सगळे खुशाल असतील असं धरून चालते, कारण फोन तू उचलत नाहीस. म्हणून हे पत्र.

खुराडं गेलं. चौदापैकी अकरा कोंबड्या कोल्ह्याने मारल्या. नेल्या तीनच, बाकीच्या तशाच टाकून गेला.

ऑगस्टमध्ये वखारीतल्या मेतोदीने काय सांगितलं होतं, तुझ्या देखत? "पावसात राहायचं असेल तर वॉटरप्रूफ प्लाय घ्या, नाहीतर पाइनच्या सरळ फळ्या, आणि कडांना अळशीचं तेल पाजा. भुशाची फळी म्हणजे पाव. भिजली की फुगली." तू हसलास. तुझ्या कारखान्यात स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या उरलेल्या फळ्या पडल्या होत्या ना, पांढऱ्या सनमायकाच्या. "ताई, कोंबड्यांना काय राजवाडा बांधायचाय? माझं आयुष्य लाकडात गेलंय." म्हणालास आणि एका दुपारात खुराडं ठोकून प्लोवदिवला परत गेलास. कापलेल्या कडा उघड्याच. जेवायलाही थांबला नाहीस.

लुबेन, तुझं आयुष्य कपाटांत गेलंय. कपाटांवर पाऊस पडत नाही.

ऑक्टोबरभर पडला. खालच्या फळीचा भुसा होऊन सांडायला लागला. कोल्ह्याला पंजा मारायचीही गरज पडली नसेल. त्या सकाळी दाणे घेऊन आईच गेली. मी पोचले तेव्हा ती चिखलात बसली होती, मांडीवर तिची ती ठिपक्यांची कोंबडी. मला म्हणाली, "वेलिचका, कडी लावायची मीच विसरले गं."

कडी लागलेली होती. मी डोळ्यांनी पाहिली.

त्या दिवसापासून ती अंगणात उतरत नाही. चुलीवर दूध ठेवलं की तीनतीनदा विचारते, "मी लक्ष ठेवलंय ना?" आणि एकच घोकते, "लुबेनला कळवू नकोस. म्हातारी भ्रमिष्ट झाली म्हणेल आणि त्या वृद्धाश्रमात नेऊन ठेवेल." त्याच्या माहितीचा कागद तूच उन्हाळ्यात टेबलावर ठेवून गेला होतास. तिने वाचलाय, बरं का. चष्मा लावून, पूर्ण.

तू विचारशील, तेव्हाच का नाही सांगितलंस तिला, की कडी लागलेली होती?

खालची फळी फुगलीय हे मला ऑक्टोबरअखेरच्या दिमितरच्या सणाआधीच दिसलं होतं. बोट लावलं तर आत गेलं. घरात पत्रा होता, खिळे होते, अर्ध्या तासाचं काम. मी केलं नाही. मनात होतं, सणाला तू येशील, तुला दंडाला धरून तिथे नेईन आणि विचारीन, हेच का तुझं लाकूड? तू आला नाहीस. तुझ्यासाठी भाजलेली चीजची बानित्सा आम्ही दोघींनी दोन दिवस खाल्ली. तरीही मी फळीला हात लावला नाही. म्हटलं, नाताळला बघेल. तुझ्यावरचा राग जपायला मी तिच्या कोंबड्या पणाला लावल्या, आणि वर तीन आठवडे तिला स्वतःवर आळ घेऊ दिला.

काल सांगितलं. फळी कुजली होती, मी पाहिली होती, कडीचा काही संबंध नाही. ती म्हणाली, "म्हणजे लुबेनचं काही चुकलं नाही ना?"

ते उत्तर तू दे. प्रत्येक वेळी मीच का देऊ?

मेतोदीकडून प्लाय आणलाय, कापायचं काम मी करीन. तू रविवारी ये आणि तिच्यासमोर बसून सांग, काय चुकलं ते. तो वृद्धाश्रमाचा कागद तिच्या उशाखाली आहे, तोही स्वतःच्या हाताने काढून घे.

जेवायला थांबायचं.

तुझी मोठी बहीण,
वेलिचका