पंचविसांतली दोन

मंगळवार, २१ मे २०२४. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. दुकानात गल्ल्यामागे बसलो आहे. काडतुसांच्या फळीवरची किमतीची चिठ्ठी आत्ताच काढली. फळी सतरा एप्रिलपासून रिकामीच आहे, पण चिठ्ठी काढायची राहून गेली होती.

प्रिय गोल्गा, माझ्या आतेभावा,

तू आणि नास्त्या बरे असाल, बाळाच्या ओझ्याने तिच्या पायांवर आलेली सूज उतरली असेल, असं धरून चालतो. इथे आई बरी आहे. आत्याचा खोकला कमी आहे. नदीवरचं बर्फ शनिवारी फुटलं आणि दोन दिवसांत वाहून गेलं. एका घराची होडी बांधलेली नव्हती, तीही गेली. आता लोक म्हणतात, बर्फाबरोबर समुद्रावर फिरायला गेली आहे.

तुझे चार फोन आले. मी एकही उचलला नाही. रागावू नकोस. आतेभावाने मामेभावाला चिडवायचं आणि मामेभावाने सव्याज परत करायचं, ही आपली रीत. तू "काय रे दुकानदारा, अजून कमवतोस त्यापेक्षा चिठ्ठ्याच जास्त लिहितोस का" म्हणणार, आणि मला काहीतरी उलट बोलावं लागणार. ते सध्या जमत नाही. म्हणून लिहितो. शब्द तपासून लिहितो आहे, म्हणून वेळ लागेल.

आधी काडतुसांचं सांगतो, कारण तू विचारलं होतंस.

मागच्या शरदात शेवटचं मालाचं जहाज आलं, त्यात पोलादी छऱ्यांची काडतुसं नव्हतीच. एप्रिलमध्ये विमानाने नऊ डबे आले. काडतुसं म्हणजे धोक्याचा माल, त्याचं भाडं वेगळं. पंचवीसचा डबा एकोणसाठ डॉलरला पडला. चार वर्षांपूर्वी बत्तीसला होता. जड धातूची नवी काडतुसं निघाली आहेत म्हणतात, शिशासारखी लांबवर मारतात, पण ती एकेक सहा डॉलरला. आमच्या फळीवर ती कधी आलीच नाहीत. गावात एक्केचाळीस घरं आणि डबे नऊ. मी पाटी लिहिली: "एका घराला एकच डबा. म्हाताऱ्या माणसांच्या घराला आधी." आजोबा, आपले आपा, आमच्याकडे राहायचे, म्हणून आमच्या घराला एक मिळाला.

तुझ्याकडे शहरात तोच डबा चोवीसला मिळतो हे मला माहीत आहे. टपालाने पाठवता येत नाही हेही माहीत आहे. ऑक्टोबरात आलास तेव्हा तू काडतुसांचा डबा घेऊन आलास, आपांनी तो मोठ्या कौतुकाने उघडला, आणि आत टॉफ्या निघाल्या. सगळ्यांत जास्त आपाच हसले. म्हणाले, "माझ्या नातवाने माझे दात ओळखले. हंस चावता येत नाही म्हणून हे आणलं." तो डबा त्यांनी हिवाळाभर उशाशी ठेवला. रोज एक टॉफी. मी यात तुला काही बोलत नाही. नुसतं लिहून ठेवतो.

काही घरांतून जुनी शिशाची काडतुसं निघाली. आम्हालाही एकाने देऊ केली. आपांनी हात लावला नाही. तुला आठवत असेल, ते सांगायचे, निम्मं आयुष्य शिसं मारून झाल्यावर एकदा तळ्याकाठी एक समुद्रबदक मान टाकून बसलेलं सापडलं, उडेना, नुसता हाडांचा सापळा. त्यांनी ते कापलं तर पोटातल्या पिशवीत शिशाचे चार छर्रे. आपलेच, चिखलातून टिपलेले. शिशाच्या बंदीचा कायदा पुढे कधीतरी आला, पण आपांचं शिसं त्या दिवशी सुटलं.

तर पंचवीस.

आणल्या दिवशीच आपांनी त्यातली दहा शेजारच्या ओलिंकाकडे नेऊन दिली. तिच्या घराचा नंबर येईपर्यंत डबे संपले होते. मला न विचारता दिली. विचारायचं कारणही नव्हतं, डबा मी आणला तरी घर त्यांचं. पण मी त्या रात्री हिशेब मांडला: पंधरा काडतुसं, एक वसंत, पाच माणसांचं घर. आई म्हणाली, "तू हंस मोजतोस की काडतुसं?" मी म्हणालो, दोन्ही.

सात आणि आठ मे, दोन दिवस आम्ही मोठ्या तळ्यावर गेलो. नऊ काडतुसं, पाच हंस. आपांची अधू नजर तुला माहीत आहे. आणि हात अजून शिशाच्याच सवयीचा, लांबूनच उठायचा. पोलाद हलकं, त्या अंतरावरून हंस पडतो पण मरत नाही, मग दुसरं काडतूस लागतं. आठ तारखेला त्यांचे लागोपाठ दोन बार वाया गेले. तेव्हा मी बोललो. गोल्गा, मी त्यांना म्हणालो, "आपा, एक काडतूस दोन डॉलर छत्तीस सेंटला पडतं. एका हंसाला एकच."

आपांशी असं कोणी बोलत नाही. मी तरी कधी बोललो नव्हतो. ते म्हणाले, "दुकान इथेही आणलंस होय?" आणि हसले. मी हसलो नाही.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी नऊ तारखेला, सहा काडतुसं उरली होती. ती मी माझ्या खिशात ठेवली. शिकारीसाठी लपायच्या आडोशात बसल्यावर त्यांना तीन मोजून दिली. हातात. त्यांनीही ती मोजली, माझ्यासारखीच, बोटाने एकेक पुढे सरकवत. मला तेव्हा वाटलं, ते माझी चेष्टा करताहेत. आता कळत नाही.

आत्याने तुला फोनवर सांगितलं की आपांच्या छातीत कळ आली. ते खोटं नाही. पण ते शेवटचं आहे, पहिलं नाही. पहिलं असं.

दहा वाजायच्या सुमाराला मी चहाची बाटली आणायला बर्फगाडीपाशी गेलो. गाडी उतारामागे लांब उभी केली होती, पाखरं बिचकू नयेत म्हणून. तिथून मला आपांची हाक ऐकू आली, ते तोंडाने हंसाचा आवाज काढतात ती. वरून उत्तर आलं. मग एक बार. मग पंख आपटल्याचा आवाज, म्हणजे पडला पण मेला नाही. मी बाटली हातात धरून थांबलो. दुसऱ्या बाराची वाट बघत होतो.

दुसरा बार झाला नाही.

मला बरं वाटलं. हे मला तुला सांगायचं आहे. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे. मी उतारामागे उभा राहून मनात म्हणालो, चला, एक वाचलं. आणि सावकाश चहा ओतला, दोन कप, साखर घालून.

परत आलो तर आडोशात त्यांची बंदूक नीट टेकवून ठेवलेली, आणि बर्फ तपासायची काठी शेजारी तशीच रोवलेली. हंस पंख मोडून तळ्याच्या बर्फावर पळत गेला असणार. जखमी पाखरू सोडून यायचं नाही, ते अपमान लक्षात ठेवतं आणि पुढच्या वर्षी त्याची पाखरं आपल्या गावाला बगल देऊन जातात, हे त्यांनीच आपल्या दोघांना शिकवलं. आडोशातून दुसरा बार मारला असता तर तो तिथेच पडला असता. ते त्याच्या मागे गेले. घाईत काठीशिवाय. मे महिन्यातल्या बर्फावर.

काठापासून साठ पावलांवर ते छातीपर्यंत पाण्यात होते. एक हात बर्फाच्या कडेवर आणि दुसऱ्या हातात हंस, वर धरलेला, भिजू नये म्हणून. मी पालथा पडून सरकत गेलो, दोर टाकला. ते म्हणाले, "हंस घे आधी." मी घेतला. मग त्यांना ओढलं. ते हलके होते, गोल्गा. कपड्यांत पाणी भरलेलं असूनही हलके.

मी त्यांना माझा कोट घातला, बर्फगाडीला जोडलेल्या घसरगाडीवर कातड्यांत गुंडाळलं. दात वाजत होते. तरी त्यांनी माझी बाही ओढून माझा हात आपल्या खिशावर ठेवला आणि म्हणाले, "दोन उरलीत."

त्यानंतर ते काही बोलले नाहीत. गावात पोचायला चाळीस मिनिटं लागली. दवाखान्यातल्या बाईने बराच वेळ छाती दाबली.

मी आईला आणि आत्याला सांगितलं की ते बर्फातून खाली गेले. का गेले ते नाही सांगितलं. लोक म्हणतात, म्हातारा माणूस, हंस हातात घेऊन गेला, याहून काय हवं. मी मान डोलावतो. तो हंस आईने दफनाच्या जेवणाला शिजवला. मला वाढला. मी खाल्ला, कारण न खाणं म्हणजे पुन्हा वाया घालवणं झालं असतं.

तुला भाडं परवडलं नाही, नास्त्याला सोडून येता आलं नाही, हे इथे सगळ्यांना समजतं. ते मनात ठेवू नकोस. टॉफ्यांचंही नाही. त्यांच्या खिशात त्या दोन काडतुसांबरोबर तुझी एक टॉफी होती, कागदासकट. ती मी आत्याला दिली.

आता ज्यासाठी लिहितोय ते. आत्या म्हणते, तुझ्या बाळाला आपांचं नाव ठेवायचं, अंगायाक. मुलगी झाली तरी तेच, नावाबरोबर माणूस परत येतो. मग मी त्या पाळण्यातल्या जिवाला आपा म्हणणार, तो माझ्याकडून पाणी पिईल आणि ते आपांना पोचेल. इतके दिवस मी याच गोष्टीच्या आधारावर झोपतो आहे. पण काल ध्यानात आलं, तुला ठाऊक नसताना मी तुझ्या बाळाला आपा म्हटलं, तर ती चोरी होईल. ज्याने आपांना काडतुसं मोजून दिली त्याने त्यांच्या नावाच्या बाळाला हात लावायचा की नाही, हे तू ठरव. नास्त्यालाही वाचून दाखव.

हो म्हणायचं असेल तर सरळ लिहू नकोस. मला एखादा टोमणा मार. कसलाही, दुकानावरून, चिठ्ठ्यांवरून, या पत्राच्या अक्षरावरूनही चालेल. मी समजेन. आणि तू नुसतं सभ्यपणे, परक्या माणसासारखं उत्तर दिलंस, तरी मी समजेन.

आपा गेल्याचा चाळिसावा दिवस सतरा जूनला आहे. या पत्राबरोबरच्या पार्सलमध्ये आपांचे सीलच्या कातड्याचे हातमोजे आहेत. बाळाला खूप मोठे होतील. ठेवून दे.

हिशेब लिहून टाकतो, नाहीतर मला झोप लागत नाही.

काडतुसं पंचवीस, एकोणसाठ डॉलर. पेट्रोल तीन गॅलन, बावीस डॉलर वीस सेंट. पार्सल, चौदा डॉलर पस्तीस. एकूण पंचाण्णव डॉलर पंचावन्न सेंट, सगळे फेडले.

ओलिंकाला दहा. पहिल्या दोन दिवसांत नऊ. आपांनी शेवटचं एक. माझ्या खिशातली तीन दफनाच्या जेवणासाठी गावच्या लोकांना दिली, त्यांनी तीन हंस आणले. उरलेली दोन स्टोव्हच्या वर वाळत ठेवली आहेत. ती मी उडवणार नाही.

देणं: आपांचं, दोन काडतुसं, चार डॉलर बहात्तर सेंट. बाळ चालायला लागलं आणि तू त्याला इथे आणलंस, तर तळ्यावर नेऊन त्याच्या हातात देईन. न मोजता.

तुझा मामेभाऊ,
एवॉन