धामणीवरचा आळ

चि. कुशाबा भावजी यांस, मुळशीहून थोरल्या वहिनीचा आशीर्वाद. तुमचे गुडघे कसे आहेत? बावधनला चौथ्या मजल्यावर जायला लिफ्ट आहे म्हणे, म्हणजे गुडघ्यांना काम नाही, आणि काम नसलं की ते जास्त बोलतात, तुमच्यासारखेच. फोन केला असता, पण माझं नाव दिसलं की तुमच्याकडची रेंज जाते. म्हणून पत्र. मी सांगते आणि सूनबाई सुलक्षणा लिहिते. (ती शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळं मी 'हाय' म्हटलं तरी ती 'आहे' लिहिणार. वहिनी कुठं नोकरीला लागली काय, असं समजू नका.)

भावजी, माझ्या हातून एक पाप घडलं. संक्रांतीच्या सुमाराला दोन तांबे दूध देणारी म्हैस एका तांब्यावर आली. माझा संशय गेला कणगीमागं राहणाऱ्या आपल्या धामणीवर. धामण म्हशीच्या मागच्या पायांना विळखा घालून दूध पिते, हे मला तुमच्या आईनं सांगितलं होतं आणि त्यांना त्यांच्या सासूनं, त्यामुळं चौकशीची गरजच नव्हती. सुलक्षणा म्हणाली, सापाला दूध पचत नाही. मी म्हटलं, बाई, तुला चहा जमत नाही तरी तू करतेसच की. (हे तिनं लिहिलं का नाही, ते कळायला मला मार्ग नाही.)

तुमचे दादा असते तर त्यांनी धामणीला हात लावू दिला नसता. एकदा गवत कापताना त्यांचा विळा तिच्या शेपटीला लागला, तिथं पांढरा वण राहिला, आणि तेव्हापासून ते कणगीकडं जाताना खाकरून जायचे, जशी आत कुणी वडीलधारी बाई बसलीय. पण दादांना जाऊन सहा वर्षं झाली. मी पिरंगुटच्या रईसला बोलावलं. तो हार्डवेअरचं दुकान सांभाळून साप धरतो. त्यानं धामण पिशवीत घातली आणि ताम्हिणीच्या रानात नेऊन सोडली. जाताना तिनं माझ्याकडं बघितलं असं मी म्हणणार नाही. सापाला पापणी नसते, तो सगळ्यांकडंच बघतो, असं रईस सांगतो.

दूध वाढलं नाही, उंदीर वाढले. होळीपर्यंत ते आढ्यावरून असे फिरायला लागले की भाडं आम्हीच त्यांना द्यावं. मग रईसच्या आईनं, नूरजहाँनं, मांजर दिलं. मांजरानं उंदरांशी वाकडं घेतलं नाही, सरळ दुधाला तोंड लावलं. म्हणजे दुधाला जो चोर नव्हता तो मी मागून आणला. आणि अक्षय्य तृतीयेला बियाण्याची कणगी उघडली तर आत फोलपटं. तुमच्या आईच्या हातचा आंबेमोहोर, भावजी. दरवर्षी निवडून ठेवलेला. ओंजळीत घेतला तर फुंकरीनं उडाला. रोपांसाठी दाढेचा वाफा भाजून ठेवला आहे आणि पेरायला एक दाणा नाही.

त्या दिवशी मी जेवले नाही. तेव्हा सुलक्षणेनं एका लग्नपत्रिकेच्या मागं मला उतरंड काढून दाखवली. तळाला गवत, त्यावर म्हैस, त्यावर दूध पिणारे आपण. दुसऱ्या बाजूला भात, त्यावर उंदीर, त्यावर धामण. वरची काढली की मधले माजतात, खालचं हललं की वरचे उपाशी. आणि प्रत्येक पायरी चढताना दहातला एखादाच भाग वर पोचतो, बाकीचा जगण्यात खर्च होऊन ऊब होतो आणि निघून जातो. मी विचारलं, कुठं जातो? ती म्हणाली, हवेत. दादा गेले तेव्हा त्यांचा हात बराच वेळ ऊबदार होता. तो मी धरून बसले होते. तेव्हा हे कुणी शिकवलं नव्हतं.

मग मी म्हैस सोडून तिच्यामागं चालत गेले. ती वरच्या माळापर्यंत गेली आणि दिवाळीनंतर नव्यानं घातलेल्या तारेच्या कुंपणाशी उभी राहिली. आत फार्महाऊसवाल्यांची हिरवळ आहे. तिला कुणी खात नाही, यंत्रानं कापतात आणि पिशव्यांत भरून टाकून देतात. म्हैस बाहेरून बघते. दूध तिथं अडलं आहे, भावजी. धामणीनं एक थेंब घेतला नव्हता. तुम्ही माळ विकलात आणि मी आळ तिच्यावर घेतला.

बाकी सगळं ठीक. तब्येतीला जपा, लिफ्ट बंद असेल तर जिन्यानं चढू नका.

तुमची वहिनी

ता. क. शेतीत आता काही राहिलं नाही, असं म्हणून तुम्ही बावधनला गेलात. दिवाळीत तुमच्या नातीनं, उत्कर्षानं, गॅलरीचा फोटो पाठवला. तुळशीमागं रंगाच्या बादलीत भात उभा होता, लोंबी वाकलेली. सुलक्षणेला ते शोभेचं गवत वाटलं. मला आंबेमोहोर ओळखायला अक्षरं लागत नाहीत. त्यातलं मूठभर बी तुमच्याकडं असणार. दोन उंदरांचे शंभर होतात, तर मुठीचं खाचर तीन वर्षांत होईल. ती तीन वर्षं मी कशी काढायची ते मी बघीन. कुरियरनं पाठवू नका, घेऊन या.

आणखी एक. दादांच्या वर्षश्राद्धाला तुमच्या पानात भात वाढायचा राहून गेला, असं मी म्हणाले होते. राहून गेला नव्हता.

शेवटचं. माळ तुम्ही एकट्यानं विकलात, असं मी इतकी वर्षं गावभर सांगते आहे. त्या कागदावर माझाही अंगठा आहे. तुम्ही वाचून दाखवतो म्हणालात, मी म्हटलं, नको, चूल पेटवायची आहे. या पत्राखाली तोच अंगठा आहे. या वेळी मात्र दोनदा वाचून घेतलं.