चपलांच्या खोक्यातली चिठ्ठी

गुरुवार, संध्याकाळ

इंग्रजी वाक्य ‘बट’नं सुरू केलं म्हणून सकाळी आठवीतल्या एका पोरीच्या निबंधावर मी लाल रेघ मारली. तिनं विचारलं, “का?” मी म्हटलं, “नियम आहे, बस खाली.” पण दिवसभर ते टोचत राहिलं. शाळा सुटल्यावर थेट पेठ वडगाव गाठलं, मला इंग्रजी शिकवलेल्या सरांकडं.

दारातच सगळं सांगितलं. सर म्हणाले, “ये की! असल्या वादाचं सगळं त्या खोक्यात हाय.”

चपलांचं खोकं, आत गच्च चिठ्ठ्या. पुस्तकात, पेपरात, अगदी औषधाच्या पुडक्यावरसुद्धा जिथं नियम मोडलेला दिसला, तिथलं वाक्य सरांनी उतरवून घेतलेलं. तीस वर्षं! कुणी सांगितलं होतं यांना?

सगळ्यात खालची चिठ्ठी पिवळी पडलेली. त्यावर माझं नाव. माझ्याच आठवीतल्या निबंधातलं ‘बट’नं सुरू झालेलं वाक्य, आणि खाली सरांचं अक्षर: “मी लाल रेघ मारली. पोरीनं ‘का?’ विचारलं. मला सांगता आलं नाही. शोधायला पाहिजे.”

मी विचारलेलं मला आठवतसुद्धा नाही. अख्खं खोकं त्या एका ‘का’वर उभं आहे.

आणि मी माझ्या पोरीला खाली बसवलं.